पावतीची मागची बाजू

नोटीस चिकटवायची तर चिकटवावी, पण जागा तरी बघावी माणसाने. गणपती आठवड्यावर आलेले म्हणून गुणवंतीने दाराला निळा रंग दिला होता. तो पुरता वाळलाही नव्हता, आणि त्यावरच कुणा मेल्याने भरपूर डिंक फासून कागद थापला होता. मासळी विकून ती दुपारी भाट्ये गावातल्या आपल्या घरी आली तेव्हा शेजारची जनी दारात उभी राहून तो कागद वाचत होती. वाचत कसली, पाठच करत होती.

“वयनी, घरकर्जाचा हाय गो,” जनी म्हणाली. “तीन हप्ते थकलेत म्हणे. सात दिवसांत भरले नाय तर घरावर कारवाई. कंपनीचा माणूस आलेला फटफटीवरून, दाराचा फोटो काढून गेला. मला विचारत होता, ही बाई पैसे बुडवते का.”

“मग तू काय सांगितलंस?”

“मी काय सांगणार? मला काय ठाऊक?”

तीस वर्षांची शेजारीण, एका विहिरीचं पाणी प्यायलेली, आणि म्हणे मला काय ठाऊक. गुणवंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने नखाने कागद सोडवायला घेतला, तर रंगाची सालपटं निघून आली आणि अर्धा कागद दारालाच राहिला.

हप्ते थकले म्हणे. अहो, जून, जुलै आणि ऑगस्ट, तिन्ही हप्ते तिने मे महिन्यातच भरले होते. दर्यावर जगणाऱ्या घरात हे असंच करावं लागतं. जूनला बोटी किनाऱ्याला लागतात त्या ऑगस्टपर्यंत हलत नाहीत, पुढे नारळ वाहिला तरी दर्या लगेच कुठे ऐकतो? म्हणून मे संपायच्या आत सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा भरून ठेवायचा, वाण्याला थोडे आगाऊ देऊन ठेवायचे. घर बांधल्यापासून गुणवंतीने या बेगमीत हप्तेही धरले होते. चार वर्षं ती मेअखेर कंपनीच्या ऑफिसात जाऊन तीन हप्ते मोजून द्यायची. आधीचे साहेब स्वतः किनाऱ्यावरचे. ते हसायचे, “मावशी, तुमची पावसाळ्याची भरती आली,” म्हणायचे, आणि पैसे त्या त्या महिन्याच्या नावावर लावून द्यायचे. यंदा त्यांची बदली झाली होती आणि खुर्चीवर नवा पोरगेला साहेब बसला होता. तिने त्यालाही तेच सांगून तेच पैसे दिले होते.

नवरा गंगाराम खलाशी. तो बोटीवर गेला होता आणि आठ दिवस तरी येणार नव्हता. तेव्हा जे काय निस्तरायचं ते तिलाच.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती मिरकरवाड्याच्या जेटीवर गेली. तिथला व्यवहार सगळा शब्दावर चालतो. लिलाव झाला की बायका पाट्या उचलतात आणि सांजेला विक्रीचे पैसे आणून देतात. चिठ्ठी नाही, सही नाही. ज्या बाईचा शब्द चालतो तिला पाटी मिळते. गुणवंती तीस वर्षं रावजीकडून मासळी उचलत होती. रावजी चार बोटींचा लिलाव करायचा, आवाज पहाडी, मनाने तसा बरा. तिने बांगड्यांच्या पाटीला हात घातला आणि तो खाली बघत म्हणाला,

“गुणवंते, आज रोखीने घे हां.”

“का रे?”

“नाय म्हणजे, बोटवाले विचारतात. तुझ्या दाराचा फोटो फिरतोय ना मोबाइलवर. मी तुला ओळखतो गो, पण बोटी माझ्या नाहीत.”

आजूबाजूच्या बायकांतलं कुणीतरी उगाच कोळंबी निवडायला लागलं. गुणवंतीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आली ती लाज. काही न करता आलेली लाज. कमरेच्या पिशवीत साडेसहाशे रुपये होते, तेवढ्याचेच बांगडे घेऊन ती बाजारात बसली. दहा वाजता पाटी रिकामी झाली, आणि रोजची गिऱ्हाइकं तिच्या पुढ्यातून दुसरीकडे गेली.

तिथे बसल्या बसल्याच तिला सगळं लख्ख दिसलं. शब्द गेला की पाटी गेली. पाटी गेली की पुढचा हप्ता कुठून भरणार? म्हणजे आज खोटं असलेलं ते कागदावरचं उद्या आपोआप खरं होणार. आपलं घर खरंच जाणार.

ती तशीच, अंगाला मासळीचा वास असतानाच, मारुती मंदिराजवळच्या ऑफिसात गेली. दुसरा मजला, काचेचं दार, आत गारेगार. नव्या साहेबाचं नाव स्वरूप. पंचविशीचा, संगमेश्वरकडचा, गळ्यात पट्टा आणि पट्ट्यात फोटो. त्याने तिचा खातेनंबर टाकला आणि पडद्याकडे बघत राहिला.

“मावशी, मे महिन्यात तुम्ही अठ्ठावीस हजार दोनशे भरलेत ना?”

“तेच तर सांगतेय. जून, जुलै, ऑगस्ट.”

“नाही, ते हप्ते म्हणून नाही लागलेले. ते मुद्दलात गेलेत. म्हणजे तुमचं कर्ज तेवढं कमी झालंय, तुमचा फायदाच आहे. पण हप्ते दर महिन्याला बँकेतून कापायला गेले तेव्हा खात्यात पैसे नव्हते. तीनदा परत आले. त्याचा दंडही लागलाय.”

“खात्यात पैसे कसे असतील? ते तुझ्या हातात दिले होते.”

“पण अर्जावर तसंच लिहिलंय, मुद्दलात जमा करा. खाली तुमची सही आहे.”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. अर्ज इंग्रजीत होता. खाली मराठीत, चौथीतल्या मुलीच्या अक्षरात, गुणवंती गंगाराम भाटकर.

“अर्ज कुणी भरला?” तिने विचारलं.

“ऑफिसच भरून देतं. पण सही तुमची.”

“मोबाइलवर काय काय यायचं ते इंग्रजीत. मी म्हटलं लॉटरीवाले असतील.”

“मावशी, मुंबईला तक्रार करावी लागेल. पुरावा लागेल, की तुम्ही हप्तेच भरत होता. तोंडी चालत नाही.”

तोंडी चालत नाही. हे ऐकून तिला हसावं की या पोराच्या कानाखाली द्यावी ते कळेना. तिचं अख्खं आयुष्य तोंडी चाललं होतं.

घरी येऊन तिने पत्र्याची पेटी उघडली. दिशा, तिची मुलगी, कॉलेजातून आलेली, ती एकेक कागद लावू लागली. चार वर्षांच्या चार पावत्या निघाल्या, पाचवी यंदाची. दिशाने पुढची बाजू वाचली आणि मान हलवली.

“आई, फक्त आकडा आहे. कशाचे पैसे ते लिहिलेलंच नाही.”

“मागे बघ.”

“मागे काय?”

“बघ तरी. आधीचे साहेब मागे मराठीत महिने लिहून द्यायचे, मला कळावं म्हणून. यंदाही मी या पोराकडून लिहून घेतलं होतं. तो कंटाळला होता, पण मी हललेच नाय तिथून.”

दिशाने पावती उलटी केली. निळ्या शाईत, घाईघाईने, जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते, असं लिहिलं होतं आणि खाली स्वरूपची सही, तारखेसकट. दिशाने आईच्या गळ्यात हात टाकला. गुणवंती मात्र बाकीच्या पावत्या पेटीत परत ठेवू लागली.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच ती जिन्यात उभी होती. स्वरूपने आपलं अक्षर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने काचेचं दार लावून घेतलं.

“मावशी, चूक माझी आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “नवीन होतो. आगाऊ पैसे आले की मुद्दलातच टाकायचे एवढंच शिकवलेलं. तुमच्यासारखं कुणी भरतं हेच मला माहीत नव्हतं.”

“बरं. मग मुंबईला कळव.”

“कळवतो. आजच. नोंद उलटी करून घेतो, दंडही काढून टाकतो, चार दिवसांत होईल. पण हा कागद वर पाठवू नका. अजून सहा महिने माझी नोकरी कच्ची आहे, मला काढून टाकतील. मी यंत्रणेतली चूक म्हणून लिहितो.”

गुणवंतीने त्याच्याकडे बघितलं. ओठावर नीट मिसरूडही न आलेला पोर, शर्टाच्या कॉलरला धुण्याच्या निळीचा डाग. हा घरी पैसे पाठवत असणार. तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून जास्तच राग आला.

“आणि माझं काय? चार दिवसांनी तुझा कंप्युटर मला चांगली म्हणेल. जेटीवर तुझा कंप्युटर कोण बघतो?”

“मग मी काय करू?”

“उद्या साडेपाचला मिरकरवाड्यावर ये. लिलावाच्या वेळी. सगळ्यांसमोर सांग. तुझ्या साहेबाला मी काय बी सांगणार नाय.”

“मावशी, तिथे सगळ्यांसमोर...”

“माझ्या दारावर काय गुपचूप लावलंत?”

पावती घ्यायला त्याने हात पुढे केला, तर तिने ती घडी घालून पिशवीत ठेवली. “ही माझ्याकडेच राहील,” ती म्हणाली.

तो येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण आला. कंपनीचा शर्ट, पायांत बूट, जेटीवरचं पाणी आणि खवलं चुकवत चालत आला. रावजीने लिलाव थांबवला. स्वरूपला बोलायला दोनदा खाकरावं लागलं.

“यांनी हप्ते वेळेच्या आधी भरले होते,” तो म्हणाला. “मी चुकीच्या ठिकाणी लावले. यांच्याकडे काही बाकी नाही. चूक माझी आहे.”

बस, एवढंच. कुणीतरी मागून ओरडलं, “मग दरवाजा रंगवून दे मेल्या,” आणि बायका हसल्या. तो लाल झाला, गुणवंतीला हात जोडून निघून गेला. मग सगळे एकदम गोड झाले. जनीची नणंद म्हणाली, आम्हाला माहीतच होतं गो. रावजीने स्वतः बांगड्यांची पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली.

“ने गो. पैसे सांजेला दे, नेहमीसारखे.”

ती घेऊन गेली. न घेऊन कसं चालेल? पाटी विकली, गिऱ्हाइकं परत आली, एकीने विचारपूसही केली. सांजेला ती जेटीवर आली. रावजी जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बसून चहा पीत होता. तिने चौदाशे रुपये दिले. त्याने मोजले, खिशात घातले आणि पुन्हा कप तोंडाला लावला. गुणवंती तिथेच उभी.

“काय गो? कमी झाले काय?”

“नाय. पावती दे.”

रावजीला आधी मस्करी वाटली. “तीस वर्षांत कधी दिली मी तुला पावती?”

“नाय दिलीस. म्हणून तर एका फोटोवर माझा शब्द गेला.”

“अगो, तो आला ना सकाळी, बोलला ना सगळ्यांसमोर. झालं की.”

“तो आला म्हणून झालं. मी एकटीने सांगितलं असतं तर झालं असतं काय रे?”

रावजीने कप खाली ठेवला. त्याच्याकडे पावतीपुस्तक कुठलं असणार? त्याने खिसे चाचपले, डिझेलचं एक जुनं बिल निघालं. ते गुडघ्यावर उलटं ठेवून तो मोठाल्या अक्षरांत लिहू लागला. गुणवंतीकडून चौदाशे मिळाले. तारीख विचारून घेतली, ती टाकली, खाली सही केली. लिहिताना त्याने मान वर केली नाही. म्हातारा रावजी, ज्याच्या शब्दावर तिने लग्नानंतरची पहिली पाटी उचलली होती. तिला फार वाईट वाटलं. तरी तिचा हात पुढे तसाच राहिला, कागद हातात पडेपर्यंत.