पडद्यावरचा भाऊ

पडद्यावरच्या बाईचे ओठ हलायला लागले तशी विसी माइककडे झुकली आणि म्हणाली, "तुझ्याशिवाय मला जगता येत नाही."

"थांबा," काचेपलीकडून दिग्दर्शिका मैतेचा आवाज आला. "विसीबाई, आजारी भावाची चौकशी करताय असं वाटतंय."

विसीला हसू आलं आणि घामही फुटला. चोवीस वर्षांपूर्वी माद्रिदच्या याच स्टुडिओत तिने या परदेशी चित्रपटाला स्पॅनिश आवाज दिला होता. नवऱ्याला सोडून प्रियकराकडे जाणारी बाई हुकूमशाहीच्या त्या काळात पडद्यावर चालत नसे, म्हणून सेन्सॉर मंडळावरच्या पाद्रीबुवांनी संवादांत त्या प्रियकराला तिचा भाऊ करून टाकलं. हा भाऊ बहिणीच्या केसांतून हात फिरवी, दोघं हॉटेलात एकच खोली घेत. त्याला कुणाची हरकत नव्हती. आता सेन्सॉर बंद झालं होतं. चित्रपट खऱ्या संवादांसकट पुन्हा लागणार होता आणि सकाळपासून विसीचा जीव थाऱ्यावर नव्हता. एवढ्या वर्षांनी ती बाई खरं बोलणार होती. पण आज जमलं नाही तर काम पंचविशीतल्या एका मुलीकडे जाणार, हे मैतेने आधीच सांगून ठेवलं होतं.

"सवय आहे हो ती," शेजारच्या माइकसमोरून एलादिओ म्हणाला. तेव्हाचा भाऊ तोच. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको वारली होती. विसीने लग्न केलंच नव्हतं. "ही मला बाजारात भेटली तरी दादा म्हणून हाक मारते."

"तू गप रे. प्रियकर म्हणे. दाढ दुखतेय की काय तुझी?"

दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं. शब्द ओठांवर चपखल बसत होते, पण त्यांत जीव येत नव्हता. विसी दोनदा पाणी प्यायली.

"जुनं रेकॉर्डिंग ऐकू या का?" मैते म्हणाली. "काही सापडलं तर सापडलं."

फीत खरखरली आणि अठ्ठावीस वर्षांची विसी बोलली, "दादा, तुझ्याशिवाय मला जगता येत नाही."

तो आवाज काही बहिणीचा नव्हता. पाद्रीबुवांनी कागदावरचा शब्द न् शब्द तपासला होता, आवाज तपासायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. विसीचे कान तापले. तिने उगीचच कागद सारखे केले.

मैते खुर्चीतून उठून काचेला नाक लावून उभी होती.

"विसीबाई, हेच हवंय मला. अगदी हेच. फक्त तो दादा काढा. जमेल?"

"जमेल," विसी म्हणाली. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, आणि त्यामुळे तिला एकदम हलकं, मजेचं वाटलं.

लाल दिवा लागला. आधीचं वाक्य एलादिओचं होतं. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडलं, मिटलं. एलादिओ बोललाच नाही. तो पडद्याकडे बघतच नव्हता.

"विसी," तो हळूच म्हणाला, "हे तू तेव्हा का नाही बोललीस?"

"बोलले की. तूच भावाचं काम फार मन लावून करत होतास."

काचेपलीकडे मैतेने हेडफोन काढून ठेवला.

"लाव गं पुन्हा," विसी तिला म्हणाली. "आता याचंही वाक्य नीट येईल."