सर राहायला आहेत

कवळी. पाण्यात बुडालेली, वरची आणि खालची दोन्ही, आणि पेला चांगुणाचा स्वतःचा, लग्नात माहेरून, हुलसूरहून आलेला, ज्यातून ती अजूनही दुसऱ्या कुणाला पाणी देत नव्हती... चांगुणा मोरीपाशी उभी राहून त्या दातांकडे बघत राहिली. त्यांचा धनी जवळ नसतानाही ते हसत होते. मधल्या खोलीत रामकिशन सर खाकरले, म्हणजे उठले; म्हणजे आता चहा, मग अंघोळीचं पाणी, मग वर्तमानपत्र, आणि ते वाचून झालं की त्यातलं तिला समजावून सांगणं. दिवाळीत चार दिवसांसाठी आलेला माणूस, आणि आता संक्रांतही होऊन गेली होती.

दारात पिशवी घेऊन उभे राहिले तेव्हा पहिलं वाक्य त्यांनी इंग्रजीत टाकलं होतं, "आय होप आय डोन्ट ऑब्ट्रूड." आणि तिच्या नवऱ्याचा, गुंडेरावांचा, चेहरा असा उजळला की तिच्याशी लग्न ठरलं तेव्हाही उजळला नसेल. आपल्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर, निजामाच्या राज्यातले, आणि आपल्या दारात! नंतर तिने विचारलं, काय म्हणाले हो ते? तेव्हा त्यांनी कौतुकाने फोड करून सांगितलं — नको तिथे, कुणी न बोलावता, दुसऱ्यावर स्वतःला लादणं. साधी माणसं हा शब्द वापरत नाहीत, सर वापरतात. मग सर तो रोजच वापरू लागले. खुर्ची उन्हात ओढताना, तिची गोधडी उचलताना, दुसऱ्यांदा वरण मागताना. शब्द उच्चारला की विचारून झालं. उत्तराची वाट त्यांनी कधी पाहिली नाही.

आणि उत्तर देणार कोण? सर आपल्याकडे जेवतात — हे गुंडेराव कचेरीत सांगत, गल्लीत सांगत, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांनाही थांबवून सांगत. ज्या वर्गात गुंडेराव दाराशी वेगळे बसले, जिथे पाणी वरून ओंजळीत पडायचं, त्या वर्गाचे मास्तर आता मांडीला मांडी लावून... तिला कळत होतं ते. कळत नव्हतं असं नाही. पण भाकऱ्या मी थापायच्या, उष्टं ताट मी उचलायचं, आणि उपकार त्यांचे? जेवून उपकार करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघते आहे.

आई शुक्रवारी यायची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बिदरला शिबिर. ऑपरेशननंतर धुरापासून लांब, अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं होतं, आणि घरात तशी खोली एकच, सरांनी घेतलेली मधली. आईला राजी करण्यातच चांगुणाची वर्षं गेली होती. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आईने घरातले देव नदीत सोडले, उपास सोडले, पण लेकीच्या घरी राहायचं नाही हे काही सोडलं नाही. यायची ती उंबऱ्यापाशी बसायची, फडक्यात बांधून आणलेली आपली भाकरी खायची, आणि दिवस मावळायच्या आत गाडी गाठायची. चांगुणा चिडायची, रडायची. यंदा मात्र आई म्हणाली होती, "बरं, येते. काईच दिसंना झालंय गं."

सकाळीच तिने नवऱ्याला गाठलं होतं.

"सरांना सांगा."

"काय सांगू? जावा म्हणू?"

"व्हय."

"आईला पुढच्या शिबिराला आणू की. आई आपलीच हाय, समजून घेतील. सर परके."

"परके हायत म्हणूनच म्हणायलेय."

"आज आइतवार हाय, चांगुणा. कामून कटकट करायलीस?"

पीठ मळताना तिने तो शब्द तोंडात घोळवला. ऑब्ट्रूड. टाळूला चिकटत होता. आपल्या भाषेत बोलले तर ते भांडण होईल, आणि सर गावभर सांगतील, शेवटी ती माणसं तसलीच... पण त्यांचाच शब्द त्यांच्यापुढे ठेवला तर? त्याला काय म्हणतील? त्यातून पळायला जागा नव्हती, असं तिला वाटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा भाकऱ्या भराभर झाल्या.

सर आणि गुंडेराव जेवायला बसले. सरांनी वाटी पुढे केली, "थोडं वरण, इफ आय डोन्ट ऑब्ट्रूड."

"तुमी ऑब्ट्रूड करायलात, सर," चांगुणा म्हणाली.

अगदी स्पष्ट म्हणाली. सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, बहुधा या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. आणि मग ते दात, तेच, पूर्ण दिसले.

"वा! गुंडेराव, उच्चार ऐकलास? अख्ख्या वर्गात कुणाला जमत नव्हता. पुन्हा म्हण, बेटी."

"तुमी घरात असल्यावर काय, सर," गुंडेराव हसत म्हणाले, "शिकायलीय."

पण हसण्याआधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं होतं. क्षणभरच. त्या नजरेत तिला सगळं दिसलं — शब्दाचा अर्थ त्यांनीच तर तिला सांगितला होता, त्यांना तो नीट पोचला होता, आणि पोचल्यावर ते हसले होते.

"माझी आई शुक्रवारी यायलीय," ती म्हणाली. आवाज आता तितका स्पष्ट नव्हता. "डोळ्याचं ऑपरेशन हाय."

"येऊ दे की," सर म्हणाले. "मला काहीच अडचण नाही."

आणि तिच्या हाताने वाटीत वरण वाढलं.

चुलीपाशी येऊन तिने मघाचा राग शोधला. सकाळपासून जपलेला, सरांच्या नावाचा... तो जागेवर नव्हता. सर म्हातारे होते, लोचट होते, आज ना उद्या त्यांना त्यांचा मुलगा नेईल नाहीतर मरण नेईल. त्यांना कळलं की नाही याचंही तिला काही वाटेना. पण दुसरा जो हसला तो इथेच राहणार होता, या घरात, रोज तिच्यासमोर. तिला नवऱ्याचा राग आला, आणि तो इतका थंड होता की तिचीच तिला भीती वाटली. हुलसूरला काय निरोप धाडायचा, ये म्हणून की येऊ नको म्हणून? गेली कित्येक वर्षं मी आईला म्हणत आले, आपलंच घर हाय, ये. कुणाचं घर सांगत होते मी तिला?

"चांगुणा," बाहेरून नवऱ्याची हाक आली, "सरांना ताक आण."

ताक तिच्या हाताशीच होतं. ती बसून राहिली.