पेवात सोडलेला दिवा

देऊळघाट येथील आमचे घर विक्रीस काढण्याचा निश्चय मी सन एकोणीसशे एकोणतीसच्या दिवाळीनंतर केला. शेगावच्या एका जिनात मला कापूस तोलण्याची जागा मिळाली होती. जिनाला लागूनच दोन खणांचे एक घर होते, आणि दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारपर्यंत किंमत भरण्याच्या बोलीवर ते माझ्यासाठी राखून ठेवण्यात आले होते. जिनाच्या मालकांस जवळ राहणाराच मनुष्य हवा होता. सोमवारपूर्वी माझे घर विकले गेले नाही, तर ते घरही जाणार आणि ती जागाही जाणार, असा तो पेच होता.

आठ दिवस मी व माझे कुटुंब झुंबरबाई, आम्ही उभयतांनी घर सजविले. भिंतींस पांढऱ्या मातीचा पोतारा दिला. जमिनी सारवल्या. माजघरातील कडीस, म्हणजे छताच्या लाकडास, वाळवी लागलेली होती, ती जागा चिखलाने लिंपून वरून चुना फासला. घर इतके शोभिवंत दिसू लागले की ते सोडण्याचे मलाच वाईट वाटले.

परंतु घेणार गृहस्थ अर्जुनराव यांना भिंतींशी कर्तव्य नव्हते. ते बीबी गावचे, देऊळघाट ही त्यांची सासुरवाडी, आणि सासऱ्यांची जमीन त्यांच्याकडे आली होती. त्या जमिनीची ज्वारी साठविण्यास त्यांना आमच्या अंगणातील पेव हवे होते. हे पेव म्हणजे पांढरीच्या मातीत खणलेली, अरुंद तोंडाची व विस्तीर्ण पोटाची दोन पुरुष, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकी, खोल खाण होय. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरले, आणि तळाची ज्वारी तेथेच कुजून राहिली. ही गोष्ट मला ठाऊक होती व झुंबरबाईस ठाऊक होती. तिसऱ्यास नव्हती.

बंद पेवात जीवघेणी वाफ कोंडते. म्हणून पेव उघडले की ते दोन-तीन दिवस तसेच ठेवतात, नंतर दोराने उघडा दिवा पार तळाशी सोडतात, आणि तो जळत राहिला तरच मनुष्य उतरतो. मी शाळेत असताना आमच्याच गल्लीतील दोन सख्खे भाऊ दिवा न सोडता एकामागून एक उतरले होते. त्यांना गळ टाकून वर काढावे लागले.

हे सर्व जाणूनही मी पेव गुरुवारी पहाटे, म्हणजे अर्जुनराव येण्याच्या केवळ चार घटका आधी उघडले. अगोदर उघडले असते, तर कुजक्या ज्वारीचा वास गल्लीभर गेला असता. घमेल्यात दिवा ठेवून मी तीन वेळा सोडला. तीनही वेळा तो तळाशी जाऊन विझला.

झुंबरबाई दोराचे दुसरे टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "आज नका दाखवू."

"मंग सोमवार कसा गाठू?" मी म्हणालो.

अर्जुनराव आले व ओट्यावर बसले. पेवात उतरण्यासाठी त्यांनी शालिग्राम नावाचा आपला जुना गडी बरोबर आणला होता. त्याने धोतराचा काचा मारला व तो पेवाच्या तोंडाशी वाकला.

"निवृत्तीभाऊ, पेव कधी उघडलं?"

"परवा."

"मंग इतका वास काऊन येऊन राह्यला?"

"तीन वर्सं बंद होतं ना."

अर्जुनराव ओट्यावरून म्हणाले, "त्याच्या नाकाकडं ध्यान देऊ नका. आमच्या घरच्या तुपालेबी नावं ठेवते तो."

"नाक तेज हाये म्हणून त जित्ता हावो, मालक," शालिग्राम म्हणाला. "सोडा हो दिवा."

मी दिवा सोडला. दोर ज्याच्या हाती असतो त्यालाच घमेले टेकल्याचे कळते. वरून पाहणाऱ्यास अंधारात केवळ ज्योत दिसते. साधारण एक पुरुष खोलीवर मी हात थांबविला व वरचा दोर सैल पडल्यासारखा केला. ज्योत उत्तम जळत होती.

"टेकला?"

"टेकला."

तो छातीपर्यंत उतरून वरच्या भिंतीस हात लावील व परतेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शालिग्रामने भिंतीतील खोबणीत पाय रोविला. कंबर आत गेली, छाती आत गेली. "तळची माती मुठीत आनतो, मंग भाव करा," असे तो म्हणाला, आणि त्याचे डोकेही दिसेनासे झाले.

झुंबरबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिने आवाज चढविला नाही.

"अहो, तुमच्या हातात दोर किती उरला?"

अर्जुनरावांनी माझ्या हाताकडे पाहिले. उरलेल्या दोराची वेटोळी माझ्या पायावर पडली होती. अजूनही काही तरी सांगता आले असते.

"शालिग्राम, वर ये," मी म्हणालो. "दिवा तळाले गेला नाही."

मी पालथा पडून हात खाली घातला व त्याचे मनगट पकडले. तो खोकत वर आला आणि मातीवर बसून राहिला. मग मी सर्वांसमक्ष उरलेला दोर सोडला. ज्योत लहान झाली, आणखी लहान झाली, आणि विझली.



"निवृत्तीभाऊ," शालिग्राम म्हणाला, "घर इकून राह्यले होते का मले गाडून राह्यले होते?"

झुंबरबाईने त्याच्यापुढे तांब्या ठेवला. त्याने आधी पाण्याचा वास घेतला, मग प्याला.

अर्जुनराव उठले. "आनखी काय झाकलं हाये?"

मी त्यांना माजघरात नेले. खिळ्याने चुना खरवडून कडीतील वाळवी दाखविली. धाब्याचा कोणता कोपरा गळतो, कोणत्या भिंतीला भेग आहे, तेही दाखविले. आठ दिवसांचे आमचे काम अर्ध्या घटकेत उकरले गेले. ते काठीने प्रत्येक जागा टोचून पाहत होते.

"पंधरा दिवस पेव उघडं ठेवा," ते जाताना म्हणाले. "कुजकं सारं काढा. मंग मी येईन. आन पह्यले खाली तुम्ही उतरान."

"हो," मी म्हणालो.

सोमवार चार दिवसांवर होता. त्यांची बैलगाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा राहिलो. पेवाचे झाकण मी पुन्हा लावले नाही.

दुपारपर्यंत वास सर्वत्र पसरला. शेजारच्या अंबूबाईने भिंतीवरून डोकावून विचारले, "झुंबरबाई, काय सडलं वं?"

"आमचं पेव," झुंबरबाई म्हणाली. "तीन वर्सं झाले."