पुलावर कोण होते?

मित्रांनो, मी काळ्या शाईने काढलेले एक जुने चित्र आहे. डोंगराच्या कुशीतल्या शीमेन गावात, तिथल्या शाळेच्या तान गुरुजींनी मला काढले. तुतीच्या सालीचा कागद, काजळीची शाई आणि एक झिजलेला कुंचला, एवढ्यावर त्यांनी चहाचे मळे, भाताची खाचरे, ओढा आणि त्यावरचा दगडी पूल उभा केला. मला मात्र स्वतःचे रूप कधीच दिसले नाही. लोक समोर उभे राहून बोलत, तेवढेच मला कळे.

गावच्या सभागृहात मी पंचेचाळीस वर्षे मानाने टांगलेले होते. मग भिंतींना रंग द्यायचे ठरले आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकले. तिथे तीस वर्षे गेली. कसरीच्या किड्यांनी नेमका पुलाचा मधला भाग खाल्ला.

शेवटी सणासाठी मला पुन्हा टांगायचे ठरले आणि मला सांधायला शहरातून लुओ मावशी आल्या. "इथं भोक आहे तिथं काय होतं?" त्यांनी विचारले, आणि एकच गलका झाला.

"आमच्या आजोबांची म्हैस!" गावप्रमुख फांग म्हणाले.

"ती कसली पुलावर चढतेय! ओढ्यातून उठायचीच नाही, तुझ्यासारखी आळशी," ऐंशीच्या माओ आजी कडाडल्या. "तिथं माझी आई होती. पाठीवर चहाची टोपली घेऊन."

"काहीतरी काढा आणि मोकळ्या व्हा, मावशी. सणाला पाहुणे येणारेत," फांग वैतागले.

सगळे पांगल्यावर माओ आजी लुओ मावशींजवळ आल्या. "मी सात वर्षांची असताना आई गेली. तिचा फोटोसुद्धा नाही. काढाल ना तिला?"

खळ लावता लावता मावशींचा हात थांबला. "काढते, आजी. वाकून चालायच्या की ताठ?"

आजींनी पाठीवर टोपली असल्यासारखे आधी वाकून, मग ताठ चालून पाहिले. मग त्या म्हणाल्या, "आठवत नाही. नको मग. आईच्या जागी दुसरीच कोणी नको." आणि खाली बसून, आईचे जे आठवत होते ते सांगत राहिल्या. पाऊस आला की ती रिकामी टोपली लेकीच्या डोक्यावर पालथी घालायची म्हणे.

मावशींनी भोकाच्या मागून कोरा कागद चिकटवला, चहाच्या पाण्याने त्याला माझ्यासारखा पिवळसर केला. त्यावर शाईचा ठिपकाही दिला नाही. फांग सणापर्यंत धुसफुसत होते.

पुलावर खरेच कोण होते, हे मलाही जाणून घ्यायचे आहे. पण सांगणारे आता फार थोडे उरलेत. म्हणून मित्रांनो, आम्हा जुन्या चित्रांना माळ्यावर टाकू नका. आणि ज्यांना आठवते, त्यांना आजच विचारा.