खानाची माफी

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या निखिलच्या फ्लॅटच्या दारात अंकुर उभा राहिला, तेव्हा निखिलने त्याला आत घेतलंच नाही. दाराचा जाड पडदा ओढून आधी धाकट्या भावाच्या खांद्यांवर टाकला.

"बंड करून हरलेला आरिक बोके थोरल्या भावाच्या, कुबलाई खानाच्या तंबूच्या दारात असाच पडदा पांघरून उभा होता. बाबा सांगायचे ना?"

सोफ्यावर ऑफिसचे लोक चहा पीत होते. कुणी मान वर केली नाही.

बाबांनी, म्हणजे विजयकुमारांनी, पोरांना जेवताना रामायणाऐवजी मंगोल खान वाढले होते. मंगोलांत बापाची चूल, म्हणजे घरदार, धाकट्याकडे जातं, हे तेवढं अंकुरने बरोबर लक्षात ठेवलं. निखिल पुण्यात बाबांचे दिवस करत असताना यानं इकडे बाबांच्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये माणसं जमवून स्वतःला मालक म्हणवून घेतलं. निखिल भांडला नाही. त्याने भर जुलैत वर्कशॉपला होणारा कॉम्प्रेसर आणि गॅसचा पुरवठा बंद केला. कुबलाईनेही भावाचं धान्यच तोडलं होतं.

आता अंकुरचा व्हिसा निखिलच्या हातात होता. तो कॅन्सल झाला, की बायको मंजुषा आणि पोरीसकट गाशा गुंडाळायचा.

"बोल, आपल्यात बरोबर कोण होतं, तू की मी?"

आरिक बोकेचं उत्तर अंकुरला लहानपणापासून पाठ होतं. "तेव्हा मी होतो, दादा. आज तू आहेस."

निखिलच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी खरं पाणी. असला माणूस रडायला लागला की जास्तच जपून राहावं.

"वेड्या, भाऊ आहेस माझा. व्हिसा राहील. पण हे तुझ्या डोक्यात भरवलं कुणी? एक नाव दे. यल्ला, लवकर."

कुबलाईने भावाला माफ केलं आणि त्याच्या सल्लागारांना मारलं, हेही अंकुरला ठाऊक होतं. कुणीच भरवलं नव्हतं. उलट वर्कशॉपचा जुना फोरमन हमीद हात जोडून म्हणाला होता, "शेट, भावाशी वैर नको."

"हमीदभाईंनी," अंकुर म्हणाला. लाज वाटली, नाही असं नाही. पण सुटल्याचा आनंद तिला पुरून उरला.

खाली हमीद गाडी लावून थांबला होता. त्यानंच अंकुरला इथवर आणलं होतं.

"मिटलं का, शेट?"

"खलास. दादाने माफ केलं."

"अल्हम्दुलिल्ला! भाऊ तो भाऊच." तेवढ्यात हमीदचा फोन वाजला. स्क्रीनवर निखिलचं नाव पाहून म्हातारा हरखला. "बघा, मोठ्या शेटना माझीपण आठवण झाली. वर जाऊ ना?"

"जा," अंकुर म्हणाला, "वाट बघतोय तो."