दोरावरचा मेव्हणा

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आमच्या टोळीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको म्हणायची, "तुमी मेल्यावर सुदिक तुमचं तोंड येगळं जाळाय लागंल." मी हसायचो. आता हसत नाही, कारण जे सांगतो आहे त्यात एक चांगला माणूस माझ्या तोंडापायी मेला. कुणी म्हणेल, नशीब त्याचं. म्हणो. मला तसं एक दिवसही वाटलेलं नाही.

सोलापुरात मार्शल लॉ झाला त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. गावातून अक्कलकोटकडे निघालं की दीड कोसावर आबासाहेबांचं माळरान होतं. तिथं आम्ही विहीर खणत होतो. वरचा मुरूम टिकावानं निघाला, पण खाली लागला काळा पाषाण. त्याला सुरुंगाशिवाय इलाज नव्हता. सात परस खाली गेलो, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकं, तरी पाण्याचा थेंब नव्हता. आबासाहेब रोज येऊन आत डोकवायचे आणि तोंड कडू करून निघून जायचे.

टोळीत आम्ही चौघे. मायाप्पा सुरुंग भरणारा. तो सांगोल्याकडचा धनगर. रोगात मेंढरं मेली तेव्हा कुर्डुवाडीकडे खडीच्या खाणीवर गेला आणि तिथं हे काम शिकला. धुळा त्याचा मेव्हणा, बायकोचा पाठचा भाऊ. शिवाय सिद्धाराम, आणि मी कोंडीबा. आम्ही पहारीनं खडकात भोकं पाडायची, मायाप्पानं त्यांत दारू भरायची, वात सोडायची आणि वरून कोरडी माती लाकडी दांड्यानं ठासायची. लोखंडाची दांडी तो जवळ येऊ देत नसे. ठिणगी उडाली तर कोण कुणाला गोळा करणार?

मिलचा दुपारचा भोंगा झाला की आम्ही तिघे वर यायचो आणि तो एकटा खाली बिडीनं वाती पेटवायचा. वात दोन हात लांब, म्हणजे शंभर मोजेपर्यंत सवड. तेवढ्यात त्यानं दोराला बांधलेल्या फळीवर बसायचं, दोनदा दोर हिसकायचा आणि आम्ही चाकावरून त्याला ओढून घ्यायचं.

ओढायला तिघे असले तरी पुढचा माणूस एकच. तो कडेला उभा राहतो, मोजत राहतो, हिसका हाताला लागला की "ओढा" म्हणतो, आणि मागचे दोघे ओढतात. मागच्यांना खालचं काही दिसत नाही. आम्हा विहीर खणणाऱ्यांत रीत अशी, की पुढच्या जागेवर सुरुंगवाल्याचा मेव्हणाच उभा राहायचा. सख्खा भाऊसुद्धा चालत नसे. भावाभावांत बांध असतो, वाटणी असते, आणि माणसाचं मन काय सांगावं! मेव्हण्याचं तसं नसतं. त्याचा हात ढिला पडला तर त्याचीच बहीण रांडाव होते. ज्यानं ही रीत घातली, तो माणसं चांगली ओळखून होता.

धुळानं सहा वर्षं मायाप्पाचा दोर धरला. एकदाही चूक नाही. मग त्या माघात त्याची बहीण गोजा बाळंतपणात गेली. मूलही गेलं. दोन महिने झाले नाहीत तोच मायाप्पाच्या चुलत्यांनी मंगळवेढ्याकडची मुलगी ठरवली. धुळाच्या घरी त्याची धाकटी बहीण लग्नाची होती, पण तिच्यासाठी कुणी शब्दही टाकला नाही. मायाप्पा चुलत्यांपुढे तोंड उघडणारा नव्हता. धुळा कामाला येत राहिला, दोर धरत राहिला, पण बोलणं आटलं. दुपारची भाकरीही तो बाभळीखाली वेगळा बसून खायचा.

हे सगळं डोळ्यांपुढे असताना मला काय अवदसा आठवली देव जाणे. त्या दिवशी भोकं भरून झाली होती. भोंग्याला अजून अवकाश होता म्हणून आम्ही तंबाखू मळत बसलो होतो. धुळा घागर घेऊन ओढ्याला गेला होता. मी म्हणालो, "मायाप्पा, आता दोरावर कुनाला हुबा करनार? ह्यो कुटं तुजा मेव्हना ऱ्हायला? मंगळवेड्यासनं नवा आन की!"

"गप की कोंडीबा," मायाप्पा म्हणाला.

गप बसलो तर मी कसला? सिद्धाराम हसला, तसा मला आणखी चेव आला. "न्हाय, खरंच सांगतो. त्याची भन गेली, वर तू त्याच्या घराला इचारलं सुदिक न्हाय. त्यानं 'ओढा' म्हनाय जरा उशीर केला, तर आमाला मागं काय कळनार? आमी आपली झापडं लावलेली बैलं!"

मायाप्पाही हसला. पण मळलेली तंबाखू तोंडात टाकायचं विसरला आणि तशीच झटकून उठला. मी ते पाहिलं आणि तरीही नवी चिमूट मळायला घेतली.

पुढं खाली काय झालं ते मायाप्पानंच मला नंतर सांगितलं. तो खाली उतरला आणि दोन हातांच्या जागी त्यानं चार हात वाती जोडल्या. तिन्ही भोकांना. विहिरीच्या भिंतीत चढण्यासाठी खोबण्या पाडल्या होत्या, पण सुरुंगाच्या वेळी त्यांच्यावरून कुणी चढत नसे, कारण शंभरात वर येणं होत नाही. त्यानं ठरवलं, आज फळीवर बसायचं नाही. स्वतःच्या हातापायांनी वर जायचं. वाती पेटवून तो खोबण्यांनी चढू लागला. ती बाजू नेमकी आमच्या पायांखालची. चाकाजवळ उभ्या माणसाला ती दिसत नाही, आणि खाली तर वातींचा धूर दाटला होता.

वर धुळा मोजत होता. नेहमी तो मनात मोजायचा, त्या दिवशी वीस झाल्यावर मोठ्यानं मोजू लागला. तीस. पस्तीस. दोराला हिसका नाही. त्यानं वाकून हाक मारली, "दाजी!" उत्तर नाही. "दाजी, बसा की फळीवर!"

मायाप्पाला ती हाक स्वच्छ ऐकू आली. तो तीन परस वर आला होता. धुळाचा आवाज ऐकला मात्र, त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याच्यावर संशय घेतला, तोच जिवाच्या आकांतानं ओरडत होता. आता ओ दिली तर कुठून आला, कसा आला, का आला, हे सगळं उघडं पडणार. त्याला वाटलं, वाती लांब आहेत, वर गेल्यावर पाय धरू. म्हणून लाजेनं तो गप्प राहिला.

"पन्नास," धुळा म्हणाला. मग दोर आमच्या हातांत देत म्हणाला, "धुरानं गुदमारला जनू. धरा घट."

"आरं, कुटं चाललास?" मी ओरडलो. "पन्नास झालं की!"

त्यानं ऐकलं नाही. दोराला धरून तो सरकन खाली गेला. त्याच्या मोजणीनं पन्नासच उरले होते. पन्नासात खाली उतरून बेशुद्ध माणूस फळीवर बांधून वर आणता येत नाही. सहा वर्षं रोज मोजणाऱ्याला हे कुणी सांगायला नको होतं.

आम्ही दोघं दोर धरून उभे. खालून त्याच्या हाका येत होत्या, "दाजी! दाजी!" तो धुरात चाचपडत होता. विहिरीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीला तोंड करून चढणाऱ्या मायाप्पाला त्या हाका वरूनच येताहेत असं वाटलं. माझ्या मनात शंभर होऊन गेले आणि सुरुंग उडाले नाहीत. मला वाटलं, देव पावला, वाती विझल्या. इतक्यात कडेवर एक हात आला, मग दुसरा, आणि मायाप्पा धापा टाकत वर येऊन उभा राहिला.

त्यानं आमच्याकडे पाहिलं. दोराकडे पाहिलं. "धुळा कुटं हाय?"

सिद्धारामानं फक्त खाली बोट दाखवलं.

तसा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नाही. "धुळाऽऽ! म्या वर हाय! बस फळीवर! बस बाबा, बस!" त्यानं पुढची जागा धरली, दोर हाताला गुंडाळला. दोनदा हिसका आला. "ओढा!" आम्ही ओढलं. देवाशपथ, मी आयुष्यात तसं कधी ओढलं नाही. एक परस. दोन. तीन. मग पहिला सुरुंग झाला आणि लगेच दुसरा, तिसरा. दगड आमच्या डोक्यावरून उडाले. आम्ही तिघे पाठीवर पडलो, कारण दोर एकदम हलका झाला होता.

मायाप्पानं दोर सोडला नव्हता. तुटलेलं टोक वर येईपर्यंत तो ओढत राहिला. त्याच्या तळहातांची सालटी निघाली होती.

आबासाहेबांच्या बैलगाडीतून आम्ही धुळाला कुंभारीपलीकडे त्याच्या वस्तीवर नेलं. दिवेलागण झाली होती. त्याची आई तानाबाई दारात उभी होती. तिला कुणी आधीच सांगितलं असावं, कारण ती ओरडली नाही. गाडीजवळ आली, घोंगडी बाजूला केली, लेकाचं तोंड पाहिलं आणि पुन्हा झाकलं. वाटेत मी ठरवलं होतं, की सगळं सांगून टाकायचं. माझी थट्टा, वाती, खोबण्या, सगळं.

तिनंच आधी विचारलं, "दोर कुनाच्या हातात हुता?"

मायाप्पा गाडीच्या चाकाला धरून उभा होता. "माज्या," तो म्हणाला.

तानाबाई खाली बसली. "मंग परक्याच्या हातनं न्हाय गेलं माजं लेकरू," ती म्हणाली. "तुमी हुता तितं." मग तिनं त्याला हाताला धरून खाली बसवलं. त्याचे सोललेले तळहात तिला दिसले, तसे ते पदरात घेऊन ती हळूहळू पुसू लागली. मायाप्पा ढसाढसा रडू लागला. सगळं सांगायला आलेला मी गाडीचे बैल सोडू लागलो.

पुसता पुसता तिचा हात थांबला. तिनं वर पाहिलं, आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं, "आता तुमचा दोर कोन धरंल वो, जावईबापू?"