दाराशी ओलं फडकं

"खरा भूकंप असता तर काय झालं असतं, कोतोहाच्या आई?"

मुख्याध्यापक ओगिवारांनी हे इतक्या हळू आवाजात विचारलं, की यापेक्षा ते ओरडले असते तर बरं, असं साएकोला वाटलं. समोर चहा निवत होता. शेजारी वर्गशिक्षिका कुरामोची बाई मांडीवर हात ठेवून खाली बघत बसल्या होत्या.

"माफ करा," म्हणत साएको कपाळ टेबलाला टेकेल इतकी वाकली. हा शब्द आताशा तिच्या तोंडात इतका बसला होता, की कोणी 'आज फार थंडी आहे हो' म्हटलं तरी ती आधी 'माफ करा' म्हणायची.

झालं होतं ते असं. सकाळी शाळेत भूकंपाची कवायत होती. भोंगा वाजला, पोरं बाकांखाली शिरली, मग डोक्यावर कापूस भरलेली टोपरी चढवून रांगेनं निघाली. कोतोहाही निघाली. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही. हे नियम दुसरीच्या त्या वर्गात तिच्याइतके कोणीच पाळत नसेल. पण मोठ्या दाराच्या उंबऱ्याशी आली आणि थांबली. पायात पांढरे बूट होते. ते बूट आतले, शाळेच्या दारात बदलून घालायचे. आतल्या बुटांनी बाहेरच्या मातीत पाय टाकायचा नसतो. कवायतीत मात्र बूट बदलत बसायचं नाही, आहे तसं मैदानात जायचं, हे बाकीच्या पोरांना आपोआप कळलं. कोतोहाला आपोआप काहीच कळत नाही. ती खाली बसून बूट सोडायला लागली, मागे रांग तुंबली, कोणीतरी तिचा दंड धरून ओढला, आणि मग तिनं जी किंकाळी फोडली ती रस्त्यापलीकडच्या भाजीवाल्यानंही ऐकली.

आणि हा नियम तिला शिकवला होता कोणी? खुद्द साएकोनं. बालवाडीत असताना ही पोर अनवाणी चिखलात जायची आणि तशीच बिछान्यावर चढायची. साएकोनं घराच्या दारात लाल पट्टी चिकटवली आणि अख्खा हिवाळा त्या पट्टीपाशी बसून काढला. इकडचे बूट, तिकडचे बूट. ज्या दिवशी कोतोहा आपण होऊन पट्टीशी थांबली आणि बूट बदलून आत आली, त्या दिवशी साएको स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली होती. नवरा ताकानोरी दूरच्या गोदीत कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्याला तिनं फोन केला, तर तोही पलीकडे नाक ओढायला लागला. आज तोच नियम पोरीच्या मुळावर आला होता.

"नदीपलीकडे खास मुलांची शाळा आहे," ओगिवारा म्हणाले. "गाडी दारात येते. तिच्यासारखीच मुलं. तिलाच बरं वाटेल."

तिला की तुम्हाला? साएकोच्या अगदी ओठांवर आलं. "ती इथे रमलीय, सर," ती म्हणाली. "शेजारची मुलं तिला हाक मारतात. पलीकडे गेली तर या गल्लीत तिला कोण ओळखणार?"

"डॉक्टरांचं मत घेऊन या. मग विचार करू."

'विचार करू' म्हणजे नाही. त्या गावात हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

रविवारी साएकोनं घरीच कवायत मांडली. तोंडानं भोंगा वाजवला आणि स्वतः घरातल्या सपाता घालून दाराबाहेर ओल्या मातीत उतरली. "बघ, कोतोहा. आई आली की नाही? ये."

कोतोहा लाल पट्टीवर उभी राहून थरथरायला लागली. "आतलं! आतलं!" ती ओरडली. धावत येऊन तिनं आईचा हात धरला आणि तिला फरफटत आत घेतलं. चिखलाचे ठसे घरभर उमटले. साएको मटकन खाली बसली. आपण पोरीला शिकवलेलं आता आपल्याच हातानं पुसायचं, आणि तेही जमत नाही, या विचारानं तिला कोणावर चिडावं तेच कळेना.

तेवढ्यात कोतोहा स्वयंपाकघरातून ओलं फडकं घेऊन आली. आईच्या पायातली सपात तिनं काढली, तळ घासून घासून पुसला, उलटून पाहिलं, आणि पुन्हा आईच्या पायात घातली. "आतलं," ती म्हणाली. या खेपेला अगदी शांतपणे.

अगं बाई! म्हणजे पोरीला बाहेर जायचं भय नव्हतंच. बाहेर गेलेलं पुन्हा आतलं कसं होणार, याचं होतं. कवायतीनंतर शाळेत बुटांचे तळ पुसतातच. पण फडकी मागाहून येतात, आणि मागाहून येणारी गोष्ट कोतोहासाठी नसतेच. साएकोनं दाराशेजारी खिळ्याला फडकं टांगलं आणि पुन्हा भोंगा वाजवला. कोतोहानं फडक्याकडे पाहिलं. एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा.

साएको दारातच हसत सुटली.

डॉक्टर हिरासावांकडे नंबर लागायला बरेच दिवस गेले. ते वाईट नव्हते, थकलेले होते. "विशेष शाळा योग्य, असं लिहून देतो," ते म्हणाले. "त्यात कमीपणा काय आहे?"

"कमीपणा नाही हो. पण मला ते नकोय. दारापाशी ओलं फडकं हवं, एवढंच लिहा."

"फडकं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "बाई, फडकं औषध म्हणून कसं लिहून देऊ मी?"

"चष्मा देतातच ना लिहून?"

"तो डॉक्टर वेगळा," ते म्हणाले. मग जरा वेळ कोतोहाकडे बघत बसले. ती त्यांच्या खोलीतल्या पाहुण्यांच्या सपाता एका रेषेत लावत होती. "असं करतो, तिला इथून हलवा असं मी लिहीत नाही. पण शाळेच्या कारभारात मला ओढू नका. त्यांचं त्यांनी ठरवावं."

म्हणजे साएको गेली तशी रिकाम्या हातानं परत आली. बसमध्ये तिला फार एकटं वाटलं. तिथूनच तिनं शाळेत फोन करून भेट मागितली.

"फडकं?" भेटीत ओगिवारांनीही तेच विचारलं. "आणि खऱ्या भूकंपात ते कोण आणून टांगणार?"

"आणून नाही, सर. बारा महिने टांगलेलं हवं. तुमच्या दाराशी ते लाल नळकांडं आहे. आग काय रोज लागते? तरी ते तिथे असतंच ना?"

 ओगिवारांनी चहाचा घोट घेतला. "आजवर असं कधी केलेलं नाही," ते म्हणाले. "उद्या प्रत्येक जण काहीतरी मागेल. आणि ते ओलं ठेवायचं कोणी? शिक्षकांना आधीच श्वास घ्यायला वेळ नाही."

"मी ठेवीन. रोज सकाळी."

"सर," कुरामोची बाई एकदम बोलल्या. सगळ्या भेटींत त्या पहिल्यांदाच बोलल्या असतील. बोलताना कानापर्यंत लाल झाल्या. "खिळा मी ठोकते."

ओगिवारांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "डिसेंबरच्या कवायतीत बघू. नाही जमलं तर नव्या वर्षापासून ती नदीपलीकडे जाईल. यावर पुन्हा बोलणं नको."

डिसेंबरच्या कवायतीच्या दिवशी बर्फ पडून वितळलं होतं आणि मैदानात राड झाली होती. साएको झोपाळ्याच्या खांबाशी उभी होती. भोंगा वाजला. पोरं टोपरी घालून बाहेर यायला लागली. कोतोहा उंबऱ्याशी आली आणि थांबली. मागे रांग थांबली. "चल की गं," मागचा पोरगा कुजबुजला. त्याला बोलायची बंदी होती, पण त्याच्यानं राहवलं नाही. ओगिवारा हातात कर्णा घेऊन मैदानात उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साएकोनं झोपाळ्याचा खांब दोन्ही हातांनी धरला.

कोतोहानं हात लांब करून फडक्याला बोट लावलं. ओलं आहे ना, पाहिलं. आणि पांढऱ्या बुटांनी सरळ त्या राडीत उतरली.

परतताना तिनं आपले तळ पुसले. एवढ्यावर थांबेल तर ती कोतोहा कसली! फडकं घेऊन ती दारातच बसली. जो येईल त्याचा पाय धरायची, तळ पुसायची, मग सोडायची. पोरांना गंमत वाटली, ती एका पायावर उड्या मारत रांगेत उभी राहिली. कुरामोची बाईंनी पाय पुढे केला. सगळ्यात शेवटी ओगिवारा घाईघाईनं आले. कोतोहानं त्यांची विजार धरली.

"माफ करा" साएकोच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

ओगिवारांनी एका हातानं भिंत धरली आणि पाय उचलला. कोतोहानं तळ पुसला, नीट उलटून पाहिला, कोपऱ्यातला एक डाग पुन्हा पुसला. "दुसरा," ती म्हणाली. त्यांनी दुसरा उचलला.

कोतोहा त्या शाळेत राहिली. यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

साएको बेकरीत कामाला जाताना तिला शाळेत सोडायची आणि अंगणातल्या नळावर फडकं भिजवून, पिळून खिळ्याला टांगायची. जानेवारीत नळ गोठला आणि फडकंही सुक्या बोंबलासारखं कडक व्हायला लागलं. मग ती घरून थर्मासमध्ये कढत पाणी न्यायला लागली. ओगिवारा रोज सकाळी फाटकाशी उभे राहून एकेका मुलाला नमस्कार करायचे, तसा तिलाही करायचे. ती वाकायची. त्यापलीकडे दोघांत शब्द होत नसे. तिची बोटं फुटली, रात्री त्यांना मलम लावून ती झोपायची.

मार्चमध्ये कुरामोची बाईंनी हळूच सांगितलं, की सरांची बदली झाली. नवे साहेब एप्रिलला येतील. म्हणजे नवे साहेब, नवा चहा, नवं 'विचार करू'. लाल नळकांड्यापासून पुन्हा सगळं सांगायचं. साएकोनं मान हलवली. हे असंच असणार, तिला ठाऊक होतं. तरी त्या रात्री ती फार वेळ भांडी घासत राहिली.

शाळेच्या शेवटच्या दिवशी पुन्हा कडाक्याची थंडी पडली. फाटकाशी ओगिवारा नेहमीसारखे उभे होते. त्यांचे हात लालबुंद झाले होते, आणि कोटाची एक बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. साएको वाकली. तेही वाकले, जरा जास्तच वेळ.

दाराशी येऊन तिनं थर्मासचं झाकण उघडलं आणि खिळ्याकडे हात नेला. फडकं कोणीतरी आधीच भिजवून, पिळून, चारी टोकं जुळवून टांगलं होतं. त्यातून वाफ येत होती. कोतोहानं बोट लावून पाहिलं, बूट बदलले आणि आत गेली.

साएकोनं झाकण परत लावलं. भरलेला थर्मास तसाच घेऊन ती कामाला गेली.